डायला पाणी, पितळेला ताव

"मामा, पितळ लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं ना? मग नरम करायला काय, राखेत गार करू?"

भाचा टेक्सासात असतो. त्याची संध्याकाळ म्हणजे आमच्या सोलापुरातली पहाट, त्यामुळे असले प्रश्न मला चहाआधीच झेलावे लागतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे सुटे भाग, प्रेसच्या डाय म्हणजे दाबून आकार द्यायचे पोलादी साचे, असलीच कामं. बंदुकीतलं मला कळत नाही, पण हा प्रश्न बंदुकीचा नव्हताच. धातूचा होता, आणि त्याने पोलादाचा नियम पितळेला लावला होता.

आधी त्याचं काम काय ते सांगतो. तिकडे हौशी लोक 'वाइल्डकॅट' काडतुसं करतात. म्हणजे कुठलीच कंपनी बनवत नाही असं काडतूस. बाजारातली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं घ्यायचं, डायमध्ये दाबून तिची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, अरुंद किंवा रुंद करायची, मानेखालचा उतरता खांदा मागेपुढे सरकवायचा. अमेरिकेत 1906 साली आलेल्या .30-06 या रायफलच्या काडतुसाची मान दाबून लोकांनी .25-06 केलं. कित्येक वर्षं तो घरगुतीच मामला होता. 1969 मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते काडतूस आपल्या यादीत घेतलं. भाच्याची अडचण अशी की दाबता दाबता दहातल्या तीन पुंगळ्यांची मान उभी चिरत होती.

आता पोलाद आणि पितळ शेजारी ठेवू. रस्त्याकडेला बसलेला घिसाडी कोयता लाल करतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो. याला आपण पाणी देणं म्हणतो. पोलादात कार्बन असतो. सुमारे 800 अंशाला लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि तो कार्बन तिच्यात विरघळतो. मग एकदम गार केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि सगळी रचना ताणून धरतो. म्हणून कोयता कडक होतो, आणि ठिसूळही. तो ठिसूळपणा घालवायला पुन्हा दोनशे अंशाच्या आसपास तापवावं लागतं.

डायचंही हेच. आम्ही बहुतेक ओएचएनएस वापरतो. ते तेलात गार करायचं पोलाद, तरी म्हणायचं पाणी देणंच. सुरुवातीच्या दिवसांत घाई होती म्हणून मी एक डाय सरळ पाण्याच्या बादलीत सोडली होती. 'टिक्' एवढाच आवाज आला. दोन दिवसांचं काम, आणि कडेपासून भोकापर्यंत केसासारखी रेघ. ती डाय अजून टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून.

पितळेत यातलं काहीच घडत नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. तापवलं तरी त्याच्या अणूंची रचना बदलत नाही, त्यामुळे गार करताना अडकायला आत काही नसतंच. पितळ कडक होतं ते मार खाऊन: ठोकून, ओढून, डायमध्ये दाबून. प्रत्येक दाबाबरोबर कणांमधली गुंतागुंत वाढते आणि शेवटी धातू वाकायच्या ऐवजी चिरतो. तापवलं की जुने ताणलेले कण मोडून नवे, मोकळे कण तयार होतात. पितळ नरम पडतं. यालाच ताव देणं म्हणतात. मग ते पाण्यात टाका, राखेत पुरा, नाहीतर फरशीवर ठेवून जेवायला जा, नरमाईत फरक नाही. तांबटाला हे न शिकता माहीत असतं: चार हात ठोकलं की ताव, पुन्हा ठोकलं की पुन्हा ताव.

म्हणजे भाच्याच्या टेबलावर दोन्ही प्रकार एकाच वेळी हजर होते. डाय पाणी देऊन कडक केलेली, पुंगळी ताव देऊन नरम करायची. दिसायला कृती एकच, म्हणून घोळ.

हा ताव टाळण्यात धोका आहे. ताण राहिलेलं पितळ लगेच चिरतं असं नाही, ते वाटही बघतं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी चिरायची. कारण निघालं तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल, आणि पितळेत दबून राहिलेला ताण.

डायचं विचाराल तर त्यातही दोन जाती आहेत. फॉर्मिंग डाय पुंगळीला नवा आकार देते. साइझिंग डाय, उडवल्यावर फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणते. बाहेरचे आटे ठरलेले, पाऊण इंचाहून थोडे मोठे: सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला 14 आटे. त्यामुळे प्रेसवर कुठलीही बसते. खरी गोम पोटात. वाइल्डकॅटच्या डायचं पोट दुकानात तयार मिळत नाही. त्याच बंदुकीतून उडवलेल्या दोन-तीन पुंगळ्या किंवा रीमरचं, म्हणजे बंदुकीत काडतुसाची जागा कोरणाऱ्या हत्याराचं, ड्रॉइंग डाय करणाऱ्याला द्यावं लागतं. "तूच करून पाठव की," भाचा म्हणाला. म्हटलं, 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय इथे दारूगोळ्याच्या वाटेला जायचं नाही. तुझ्या तिकडचाच कारागीर शोध. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी तेवढी पाठवतो.

पण ताव देताना पुंगळी पाण्याच्या ट्रेमध्ये का उभी करतात, हे त्याला नीट सांगितलं. ताव फक्त मानेला आणि खांद्याला. अंधाऱ्या खोलीत मान जेमतेम लालसर झळकली की बास. बूड मात्र कडकच राहिलं पाहिजे, कारण .30-06 सारख्या काडतुसात चौरस इंचाला 60,000 पौंडांपर्यंत दाब उठतो आणि मागून तो बुडानेच पेलायचा असतो. नरम बूड फाटलं तर तो गॅस नेमबाजाच्या तोंडावर येतो. ट्रेमधलं पाणी आच खाली उतरू नये म्हणून असतं, कडक-नरम करायला नव्हे.

त्याचा बेत अख्ख्या पुंगळ्या एकदम भट्टीत लाल करायचा होता. तो मी फोनवरच मोडला.