गढी धरणात गेली म्हणतात, पण ती आधीच उतरवली होती

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, कडंला आमच्या जुन्या गावात देशमुखांची गढी होती. आता कुणालाबी विचारा, "धरणात गेली" एवढंच सांगतात. पण पाणी आलं तेव्हा गढी उभी नव्हतीच, आणि तिची पडझड तर धरणाच्या कितीतरी आधी सुरू झालेली.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन झालं, म्हणजे भारतीय फौजेनं संस्थान ताब्यात घेतलं, १९४९ ला जहागिऱ्या खालसा झाल्या, पुढं इनामं गेली, आणि ज्या उत्पन्नावर एवढा कारभार चालायचा तेच आटलं. आता गढी म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, ढेलज म्हणजे दारातली बैठक, धान्य साठवायची बळदं, वर सागवानी तुळयांवर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. माळवदावर पावसाळ्याआधी माती टाकून चोपावीच लागते, दोन-तीन साल कुणी वर चढलं नाही की पाणी झिरपतं, मग तुळया कुजतात आणि एकेक खण खाली बसतो. हे खूप गढ्यांचं झालंय, नुसत्या आमच्या नाही.

त्यात धरण आलं. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होता, नंतर जागा वर पैठणला सरकली पण नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. १०२ टीएमसीचं (अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यातली कितीतरी गावं उठली. नोटिसा आल्यावर लोकांनी घरं स्वतःच मोडली, कारण नव्या गावठाणात लाकूड कुठून आणायचं? गढीचंही सागवान, दारं, चिरे बैलगाड्यांनी गेले. आमच्याच घरातल्या दोन खांबांना अजून तुळईच्या जुन्या खाचा आहेत, नव्या छताला त्यांचा काही उपयोग नाही. राहिलेली पांढरी माती लोकांनी शेतात नेऊन टाकली, ती खतासारखी चालते.

मला राग येतो तो याचा, की "पाण्यानं नेली" म्हटलं की तिथं राबलेली माणसं, बलुतेदार, भिंती रचणारे, सगळेच हिशोबातून जातात. ज्यांच्या घरात भूसंपादनाचा निवाडा, जुना उतारा किंवा एखादा फोटो पडून असंल त्यांनी मोबाईलवर त्याचे फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की कुठला खांब कुणाच्या घरी गेला.