‘कावर्ड’ आडनावाचा भित्रेपणाशी संबंध नाही

इंग्रजीत ‘कावर्ड’ म्हणजे भित्रा. त्यामुळे इंग्रज नाटककार नोएल कावर्ड (१८९९–१९७३) यांच्या आडनावावरून एक समज पसरलेला आहे: कुणीतरी पूर्वज रणांगणातून पळाला म्हणून हे नाव पडलं. ते खरं नाही. दोन वेगळे शब्द उच्चार झिजून एकाच रूपात आले, एवढंच.

आडनाव जुन्या इंग्रजीतल्या ‘कू-हिर्डे’वरून आलं. ‘कू’ म्हणजे गाय, ‘हिर्डे’ म्हणजे राखणारा; आपला गुराखीच. मधला ‘ह’ गळाला आणि ‘कावर्ड’ उरलं. मेंढपाळाचा शेफर्ड, वासरं राखणाऱ्याचा कॅल्व्हर्ट, हे त्याचेच भाऊबंद.

भित्रा या अर्थाचा शब्द मात्र १३व्या शतकात जुन्या फ्रेंचमधल्या ‘कोआर्ट’वरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘काउडा’, म्हणजे शेपूट. पुढचा ‘-आर्ड’ हा हिणवणारा प्रत्यय, ‘ड्रंकर्ड’मध्ये (दारुडा) दिसतो तोच. आपण ‘शेपूट घातली’ म्हणतो, अगदी तेच चित्र! युरोपीय कुलचिन्हांतही पायांत शेपूट घातलेल्या सिंहाला ‘कुआर्ड’ म्हणतात.

भित्रा या अर्थाच्या ‘कावर्ड’ची ‘दबकावणे’ या अर्थाच्या ‘काऊ’ क्रियापदाशी घातलेली सांगडही चुकीची. ते क्रियापद इंग्रजीत १६००च्या सुमारास दिसतं, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं उशिरा.