राखीगढीची ती स्त्री आणि शेतीचा जुना प्रश्न

सप्टेंबर 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हरियाणातल्या राखीगढीत सापडलेल्या हडप्पाकालीन सांगाड्याच्या डीएनएवरचा शोधनिबंध आला आणि दुसऱ्याच दिवसापासून आपल्याकडे एकच वाद रंगला: आर्य बाहेरून आले की इथलेच? वाद इतका जुना, की निबंध न वाचताही त्यात उडी घेता येत होती. या गदारोळात निबंधाचा एक मोठा भाग बाजूलाच पडला. तो शेतीबद्दल होता. इराणकडचे शेतकरी पूर्वेकडे सरकत आले आणि त्यांनी भारतीय उपखंडात शेती आणली, असे बरीच वर्षे मानले जात होते. त्या समजुतीला या एका सांगाड्याने धक्का दिला.

ही समजूत उगाच तयार झाली नव्हती. गहू, जव, शेळी आणि मेंढी यांना माणसाने आधी पश्चिम आशियात, सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी आपलेसे केले. या बदलाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ हे नाव पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी 1930 च्या दशकात दिले. पुढे 1971 मध्ये पुरातत्त्वज्ञ अ‍ॅमरमन आणि आनुवंशशास्त्रज्ञ काव्हाली-स्फोर्झा यांनी युरोपभरच्या सुरुवातीच्या शेतीच्या कार्बन तारखा मांडल्या आणि शेती वर्षाला सरासरी एक किलोमीटर या वेगाने वायव्येकडे गेली, असा हिशेब काढला. पण गेले कोण? शेतकरी, की शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे बियाणे? यावर चाळीसेक वर्षे भांडण चालले, कारण भांडी आणि तारखा पाहून ते सांगताच येत नाही.

उत्तर हाडांनी दिले. युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा डीएनए वाचल्यावर ते बहुतांशी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून गेलेल्यांचे वंशज निघाले. तिथे माणसेच गेली होती. मात्र 2016 मध्ये खुद्द पश्चिम आशियातले नमुने तपासले गेले तेव्हा चित्र उलटे दिसले. अनातोलिया, भूमध्य सागराचा पूर्व किनारा आणि इराणचा झॅग्रोस डोंगर इथले सुरुवातीचे शेतकरी वंशाने एकमेकांपासून चांगलेच दूरचे होते. म्हणजे शेतीच्या माहेरी लोक आपापल्या जागी राहिले आणि शेती मात्र एकाकडून दुसऱ्याकडे पोचली.

उपखंडात हा प्रश्न मेहरगढपाशी येऊन थांबतो. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या या जागी झाँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच चमूने 1974 पासून खोदकाम केले. इथल्या कच्च्या विटांमध्ये धान्याचे ठसे सापडले, त्यांत जव सर्वाधिक, गहू थोडा. हाडांची कथा जास्त बोलकी आहे. सर्वांत खालच्या थरात हरणासारख्या शिकारीच्या जनावरांची हाडे भरपूर, वरच्या थरांत गुरांची हाडे वाढत जातात आणि गुरांचा आकार लहान होत जातो. जनावर माणसाळल्याची ही नेहमीची खूण. ही गुरे वशिंडाची, म्हणजे इथल्याच रानटी पूर्वजांपासून आलेली. जव बहुधा पश्चिमेकडचे, बैल मात्र घरचा! मेहरगढची सुरुवात इ.स.पू. 7000 च्या सुमाराची मानली जाई. 2025 मध्ये दातांच्या इनॅमलवरून काढलेल्या तारखांनी ती इ.स.पू. 5200 च्या आसपास आणली. हे खरे धरले, तर बियाणे आणि कल्पना पश्चिमेकडून पोचायला भरपूर वेळ मिळतो.

आता राखीगढी. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या या हडप्पाकालीन दफनभूमीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले. आपल्या उष्ण हवेत डीएनए सहसा टिकत नाही. 61 नमुने तपासले, त्यांतून कामाचा एकच निघाला: साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास जगलेली एक स्त्री. कानाच्या आतल्या भागाला वेढणाऱ्या अतिशय घट्ट हाडाची पूड घेतली आणि एकाच नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया केली, तेव्हा कुठे तुटपुंजा डीएनए हाती लागला.

तिच्या वंशात दोन धागे दिसले. एक उपखंडातल्या प्राचीन शिकारी-संग्राहकांचा, दुसरा इराणी पठाराशी नाते सांगणारा. पण हा दुसरा धागा इराणच्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून शेती सुरू होण्याआधीच फुटलेला होता. शिवाय शेतीच्या काळात इराणात पसरलेला अनातोलियन अंश तिच्यात नव्हता. तेव्हा पश्चिम इराणमधून शेतकऱ्यांचे मोठे लोंढे आले, हे मत टिकत नाही.

‘शेती इथेच स्वतंत्रपणे जन्मली’ असे म्हणायला मात्र हा पुरावा पुरत नाही, असे माझे मत आहे. एक तर ही बाई मेहरगढच्या पहिल्या शेतकऱ्यांनंतर किमान अडीच हजार वर्षांनी जगली. दुसरे, माणसे आली नाहीत म्हणून बियाणे आले नाही असे होत नाही, हे पश्चिम आशियानेच दाखवले आहे. एका सांगाड्यावर किती भार टाकायचा हाही प्रश्न होता, पण त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या 523 प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाने थोडा आधार दिला. तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि इराणातल्या शहर-ए-सोख्ता इथल्या, बहुधा उपखंडाकडून तिकडे गेलेल्या, 11 जणांचा वंश तिच्यासारखाच होता. युरेशियातल्या गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश उपखंडात इ.स.पू. 2000 नंतर शिरला, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही निबंधांतले सोयीचे तेवढे उचलणारे आर्यांच्या वादात दोन्ही बाजूंना होते.

दक्षिणेची गोष्ट या सगळ्यात मागे राहते. कर्नाटक-आंध्रच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे जळक्या शेणाच्या राखेची टेकाडे आजही दिसतात, तिथल्या पशुपालकांनी मूग आणि कुळीथ पिकवले. ही दोन्ही कडधान्ये भारतातलीच. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 या काळात खोदकाम केले, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकाच गावात सापडले: मुख्य पीक पश्चिमेकडून आलेले जव, आणि सोबत कुळीथ, मूग. नदीचे पाणी वळवणारा पाटही तिथे होता. इ.स.पू. 1000 नंतर पाऊसमान घटले, ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, जव कमी झाले आणि शिकार वाढली. एकदा आलेली शेती वाढतच जाते, या समजुतीला इनामगाव बसत नाही.