घामाची उधारी

सह्याद्रीत चढण संपली की आपण काय करतो? माथ्यावरच्या वाऱ्यात उभं राहून घामाने भिजलेला शर्ट वाळवतो. माउंट वॉशिंग्टनवर जानेवारीत हेच सुख जिवावर बेतू शकतं.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातलं हे शिखर १,९१७ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. पहाटे निघून संध्याकाळी परत, असा एका दिवसाचा ट्रेक. म्हणूनच लोक फसतात. साधारण १,३५० मीटरवर झाडं संपतात आणि वाऱ्याला अडवणारं काही उरत नाही. माथ्यावरच्या वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पारा उणे ४४ अंशांवर गेला.

वारा हवेचं तापमान उतरवत नाही. त्वचेलगत ऊब धरून बसलेला हवेचा पातळ थर तो पळवून नेतो, इतकंच. उणे १५ अंशांत ताशी ५० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या गालाला उणे २९ असल्यासारखं वाटतं. कान-नाक झाकून यावर इलाज होतो. खरी अडचण कपड्यांच्या आत असते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सुमारे १०० वॉट उष्णता देतं, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. सॅक पाठीवर घेऊन बर्फातून चढताना तीच पाच-सहापट होते. जाड जॅकेट घालून निघालेला माणूस तासाभरात आतून ओला होतो, आणि चढत असेपर्यंत त्याला ते जाणवतही नाही. मग तो चहासाठी थांबतो. भट्टी मंदावते, घाम तसाच. एक ग्रॅम घाम सुकायला सुमारे २,४०० जूल लागतात. बनियनमध्ये २०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो अंगाच्याच उष्णतेवर सुकवायला बसल्या शरीराची ८० मिनिटांची सगळी कमाई खर्ची पडते. सुती कापड पाणी धरून ठेवतं, म्हणून आपला लाडका कॉटन टी-शर्ट इथे कुचकामी. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते.

त्यामुळे पायथ्याहून निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. घाम यायच्या आधी एक थर उतरवायचा आणि थांबल्याबरोबर, कुडकुडायची वाट न पाहता, चढवायचा. दर वीस मिनिटांनी सॅक उघडायचा कंटाळा येतो, मान्य.

सोबत कोणी असलं तर ‘अरे, तुझी जीभ अडखळतेय’ असं तो सांगतो. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की बोटं आणि बोलणं दोन्ही बिघडतात. नंतर हुडहुडीही थांबते, आणि माणसाला बरं वाटतंय असा भास होऊ शकतो. एकट्याची पंचाईत अशी की तपासणारा मेंदूच गारठलेला असतो. म्हणून परतायची वेळ घरीच, ऊब असताना ठरवून कागदावर लिहायची. डिसेंबरअखेर तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वाटेत अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून पाहायचा. टेकत नसेल तर तिथूनच खाली.