एका पेशंटचा जीनोम दीड दिवस, मग पाचशे पेशंटचे किती?

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये एक डेस्कटॉप बघितलेला मी, त्यावर कागद चिकटवलेला, "काम चालू आहे, बंद करू नये". तिथली पीएचडी करणारी मुलगी पेशंटच्या डीएनएचा डेटा त्यावर चालवत होती आणि तिला सगळ्यात जास्त भीती कसली, तर गुरुवारची. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते, यूपीएस किती टिकणार, आणि गेली की दीड दिवसाचं काम परत पहिल्यापासून.

आता या कामाचा आवाका बघा. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये, साधारण 300 कोटी अक्षरं असतात, पण मशीन ती सलग वाचत नाही, 150-150 अक्षरांचे तुकडे वाचते, आणि चुका पकडता याव्यात म्हणून प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचते. म्हणजे एका माणसाचे झाले 60 कोटींच्या वर तुकडे. फाइल दाबून लहान केली तरी 50 ते 100 जीबी. यातला प्रत्येक तुकडा आधीच तयार असलेल्या नमुना जीनोममध्ये नक्की कुठे बसतो ते शोधायचं, मग त्या नमुन्यापेक्षा पेशंटचं अक्षर कुठे वेगळं आहे ते काढायचं. चांगल्या डेस्कटॉपला यात एक-दीड दिवस सहज जातो. पाचशे पेशंट असतील तर दोन वर्षं नुसती मशीन चालू ठेवण्यात जाणार.

इथे सुपरकॉम्प्युटर लागतो, पण त्याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो एक प्रचंड फास्ट कॉम्प्युटर असतो. तसं नाहीये. ते शेकडो कॉम्प्युटर असतात, त्यांना नोड म्हणतात, वेगवान नेटवर्कने एकमेकांना जोडलेले. एकटा नोड तुमच्या डेस्कटॉपपेक्षा दणकट असतो पण काही हजारपट वगैरे फास्ट नसतो, सगळी ताकद काम वाटून करण्यात आहे. आणि कामं दोन जातीची असतात हे समजलं की अर्धी लढाई जिंकलीच.

पहिली जात पेपर तपासण्यासारखी. पाचशे उत्तरपत्रिका शंभर मास्तरांना वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच, कुणाला कुणाशी बोलायची गरज नाही. जीनोमचं काम असंच, या पेशंटचा त्या पेशंटशी संबंध नाही, त्यामुळे शंभर नोड मिळाले तर दोन वर्षांचं काम आठवड्याभरात उरकतं. दुसरी जात ढोल-ताशा पथकासारखी, म्हणजे सगळ्यांनी एका ठेक्यात राहायचं, एक जण मागे पडला की सगळं पथक अडतं. औषधाचा रेणू प्रोटीनला कसा चिकटतो ते बघायचं तर लाखभर अणूंची हालचाल मोजावी लागते, एकेक पाऊल 2 फेम्टोसेकंदांचं (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद), म्हणजे एक मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा लाखावा भाग, बघायला 50 कोटी पावलं, आणि काम बऱ्याच नोडवर वाटलं असेल तर प्रत्येक पावलाला सगळ्या नोडनी आपापले आकडे शेजाऱ्याला द्यायचे. म्हणून इथे नेटवर्कचा वेग प्रोसेसरइतकाच महत्त्वाचा. कोविडच्या काळात अमेरिकेत समिट या सुपरकॉम्प्युटरवर विषाणूचं अख्खं आवरण असंच हलतं करून बघितलं, 30 कोटींहून जास्त अणूंचं.

कधीकधी तर तासांचा प्रश्न असतो. 2022 च्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या टीमने आयसीयूतल्या पेशंटसाठी जीनोम वाचायचा विक्रम जाहीर केला, 5 तास 2 मिनिटं. त्यात गंमत अशी की वाचणारं यंत्र इतकं जोरात डेटा ओकत होतं की तिथले कॉम्प्युटर पुरेनात, शेवटी तो डेटा येईल तसा क्लाउडवरच्या भरपूर जीपीयूंवर (एका वेळी हजारो गणितं करणाऱ्या चिपवर) पाठवून सोडवला.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. 1980 च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा आपला सुपरकॉम्प्युटर तयार झाला. 2015 मध्ये 4500 कोटींचं नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झालं, त्यातलाच परम ब्रह्म हा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहे, क्षमता 1.7 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 17 कोटी गुणिले एक कोटी इतकी गणितं. सी-डॅकमध्ये खास बायोइन्फॉर्मॅटिक्ससाठी ब्राफ नावाची सुविधाही आहे. त्या कागद चिकटवलेल्या डेस्कटॉपपासून रिक्षाच्या अंतरावर हे सगळं आहे, आणि त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

अशा सुपरकॉम्प्युटरवर अकाउंट मिळालं तरी बटण दाबलं आणि झालं असं होत नाही. लॉगिन केल्यावर तुम्ही दारातल्या नोडवर असता, तिथे काम चालवायचं नसतं (नवीन माणूस हमखास ही चूक करतो). तुम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिता, मला इतके कोर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग), इतकी मेमरी, इतका वेळ हवा, आणि ती रांगेत टाकता. ही रांग स्लर्म नावाचा सॉफ्टवेअर सांभाळतो. रविवारी संध्याकाळी हॉटेलात कसं, बारा जणांचं कुटुंब मोठं टेबल मोकळं व्हायची वाट बघत असतं, तेवढ्यात दोघं जण येतात आणि म्हणतात आम्ही फक्त चहा घेऊन दहा मिनिटांत उठतो, तर मॅनेजर त्यांना रिकाम्या कोपऱ्यात बसवतो कारण त्याने कुटुंबाचा खोळंबा वाढत नाही. स्लर्म अगदी हेच करतो. म्हणून भीतीपोटी सात दिवस मागणारा रांगेत कुजतो, आणि खरोखर लागतील तेवढे सहा तास मागणाऱ्याचं काम पटकन लागतं. मात्र कमी मागितलं तर वेळ संपल्यावर काम अर्ध्यात मारलं जातं, तिथे दयामाया नाही.

अजून एक, डेटा तिथपर्यंत न्यायचा कसा? पाचशे जीनोम म्हणजे 50 टीबीपर्यंत, आणि 100 एमबीपीएसची लाइन अखंड चालली तरी दीड महिना लागेल, त्यामुळे हार्ड डिस्क पिशवीत घालून नेणारे लोक मी बघितलेत. पण तो पेशंटचा डेटा आहे. नाव काढून टाकलं तरी जीनोम हीच ओळख असते, ती बदलता येत नाही, आणि त्यातून भावंडांचीही माहिती कळते. एथिक्स कमिटीची परवानगी, डिस्क एन्क्रिप्ट करणं, फाइल कोण उघडू शकतं हे ठरवणं, हे आधी.

माझं स्पष्ट मत आहे की आता मशीनपेक्षा माणूस कमी पडतोय. डॉक्टरला लिनक्स (ही मशीन ज्यावर चालतात ती सिस्टिम) येत नाही, सिस्टिमवाल्याला म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, कळत नाही, आणि दोघांच्या मधे बसून "ताई, तुमच्या कामाला एवढी मेमरी लागतच नाही" असं सांगणारं कुणी नसतं. प्रत्येक मेडिकल कॉलेजात असा एक माणूस पगारावर ठेवायला हवा, विनंती करून कुणाच्या मोकळ्या वेळात नाही.

तो मिळेपर्यंत एक करा. पाचशे सॅम्पल एकदम टाकू नका, एकच टाका. ते संपलं की किती वेळ आणि किती मेमरी खरंच लागली ते स्लर्मला विचारा, तो सांगतो, आणि त्यावर थोडी भर घालून बाकीचे 499 मागा. आणि रिझल्ट आले की त्याच दिवशी स्क्रॅच नावाच्या तात्पुरत्या जागेतून उचलून घ्या, तिथल्या जुन्या फाइल्स ठराविक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. माझे एकदा अकरा दिवसांचे गेलेत.