दोन पाळ्यांची एक होणार म्हणे!

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या ऑर्डरी आटल्या की पहिली कुजबुज चहाच्या टपरीवर ऐकू येते: दोन पाळ्यांची एक होणार म्हणे. कुणाला काढणार, कधी काढणार, कुणीच सांगत नाही. काम सुटलेल्याचे हाल सगळ्यांना दिसतात. कामावर असलेल्याचे दिसत नाहीत.

२०१६ साली लंडनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे का, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. सर्वांत जास्त ताण झटका नक्की बसणार तेव्हा नव्हता. बसेल की नाही हे निम्मं-निम्मं असताना होता. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीतही खात्याचं खासगीकरण होणार म्हटल्यावर, एकाचीही नोकरी जाण्याआधीच प्रकृतीच्या तक्रारी वाढल्या होत्या.

असा ताण महिनोन्‌महिने राहिला की माणूस कामाला विटतो. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. तिची लक्षणं तीन: थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. मागावर दुसरं लक्षण चटकन कळतं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची असते. नुसता दमलेला कामगारही ती मारतो. विटलेला बघतो, ‘जाऊ दे’ म्हणतो, आणि दोष चादरभर उतरतो.

आणि निष्ठा? मायर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये तिचे तीन धागे वेगळे केले: जीव लागला म्हणून राहणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. असुरक्षिततेत पहिला धागा झिजतो. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसेल, तर माणूस दुसऱ्यावर टिकतो. वेळेवर येतो, खाडा करत नाही, आणि मालक खूश! मला तर या खुशीचीच भीती वाटते. हंगाम आला, शेजारच्या कारखानदारानं उचल फेडायची तयारी दाखवली, की हाच माणूस आधी जातो.

उपाय महागडा नाही. आधी आणि स्पष्ट सांगितलं तर असुरक्षिततेची धार कमी होते, असं अभ्यास सांगतात. ‘दिवाळीनंतर एक पाळी बंद’ ही बातमी वाईटच, पण ती कळल्यावर माणूस दुसरीकडे विचारपूस तरी करू शकतो. आता सुताचे भाव आणि परदेशी ऑर्डरी यांच्या कात्रीत मालकालाही पुढचं ठाऊक नसतं, हे खरं. तसं असेल तर निर्णय कोणत्या तारखेला होणार, एवढं त्यानं सांगावं.