विटांचे इंग्लिश शेतघर

विटांचे इंग्लिश शेतघर: शेतकरी कुटुंबाच्या राहण्याचे व शेतीकामाचे, विटांत बांधलेले किंवा विटांनी मढवलेले घर. आपल्याकडे फार्महाऊस म्हटले की शनिवार-रविवारचा बंगला डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र लोणी काढणे, बिअर बनवणे, गडी जेवू घालणे सगळे याच छपराखाली चाले.

रोमन लोक गेल्यावर इंग्लंडमध्ये वीट जवळजवळ विसरली गेली. मध्ययुगात ती पुन्हा आली, पण बराच काळ श्रीमंतांपुरतीच राहिली. सामान्य शेतघर ओकच्या लाकडी सांगाड्याचे, मधल्या जागा काटक्या-मातीने लिंपलेले असे. सोळाव्या-सतराव्या शतकांत आधी धुराडे विटांचे झाले. घराच्या मधोमध हे जाड धुराडे, दाराशी त्याला टेकून चिमुकली देवडी आणि दोन्ही बाजूंना एकेक खोली, ही पूर्व व आग्नेय इंग्लंडमधली लाडकी रचना. एकाच धुराड्याला पाठीला पाठ लावून दोन चुली बसत. दूधघर शक्यतो थंड उत्तर बाजूला.

वीट बहुधा जवळच्या मातीची, म्हणून तिचा रंग मुलुखागणिक बदलतो: कुठे लाल, केंब्रिजच्या बाजूला फिकट पिवळसर. एक थर विटांच्या लांब बाजूंचा, वरचा आखूड तोंडांचा, ही विटा रचण्याची पद्धत म्हणजे ‘इंग्लिश बाँड’. एकाच थरात लांब-आखूड आलटून पालटून लावली की ‘फ्लेमिश बाँड’. लंडनमधील क्यू येथील 1631 च्या राजवाड्यात त्याचे एक सुरुवातीचे उदाहरण दिसते. भट्टीत जादा भाजून निळसर-काळी झालेली वीट फेकून देत नसत. तिची तोंडे बाहेर काढून भिंतीवर चौकटीची नक्षी साधत.

घराचे वय ओळखताना दर्शनी भिंतीवर विसंबू नये. स्टॅफर्डशायरमधील मोझली ओल्ड हॉल पाहा. 1600 च्या सुमारास लाकडात उभे राहिलेले हे घर. वूस्टरच्या लढाईत हरलेला, पुढे इंग्लंडचा राजा झालेला दुसरा चार्ल्स 1651 च्या सप्टेंबरात इथे लपला होता. एकोणिसाव्या शतकात बाहेरून विटांचे कवच चढले आणि घर पाहताक्षणी अडीचेकशे वर्षांनी तरुण झाले. आतले लाकूड व लपण्याची जागा मात्र राहिली. 1962 पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

कायद्याच्या खुणाही भिंतीवर सापडतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भरून काढायला 1784 मध्ये विटांवर दर हजारी कर बसला. कर नगावर, मग काही कारखानदारांनी वीटच मोठी केली. सरकारने मोठ्या विटेवर जास्त कर लावून उत्तर दिले. कर 1850 मध्ये उठला. खिडक्यांच्या संख्येवरचा खिडकीकर 1696 ते 1851 असा चालला; तो चुकवायला लोक खिडक्या बुजवत. मात्र प्रत्येक बुजवलेली खिडकी कराच्या खात्यात मांडणे घाईचे ठरते, कारण काही सुरुवातीपासून केवळ मांडणीच्या तोलासाठीच आंधळ्या ठेवलेल्या असत.

विटांमधल्या जुन्या दरजा चुन्याच्या. त्या ओल बाहेर सोडतात. हौसेने सिमेंट भरले की ओल विटेत अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो.